तुकोबारायांनी काय निवडले?

सज्जनहो, फाल्गुन वद्य द्वितीयेची बीज यंदाही देहूस थाटाने पार पडली. आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडची मंडळी दरसाल जातात. पहाटे कल्याणास गाडी धरायची, कर्जतच्या पुढे घाट चढायचा, लोणावळ्यास लोकल बदलायची आणि देहूरोडास उतरायचे. तळेगाव मागे पडले की घोरवडेश्वराचा डोंगर दिसू लागतो. डब्यातल्या गप्पा आपोआप थांबतात आणि कोणीतरी पिशवीतून टाळ काढतो. त्या डोंगरावर तुकोबाराय एकांताला बसत. यंदा मी तो डोंगर पाहिला तो मनात एक प्रश्न घेऊन, आणि त्या प्रश्नानेच आज हे चरित्र लिहावयास बसवले आहे.

प्रश्न विचारला डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी. गेल्या कार्तिकात कल्याणास सप्ताहात माझी सेवा होती. कीर्तन रंगले. तुकोबारायांचे दिवाळे निघाले, दुष्काळ पडला, बायको गेली, आणि हे सगळे बरेच झाले असे महाराज म्हणाले, हे मी मोठ्या आवेशाने सांगितले. मंडळींनी गजर केला. मांडव रिकामा झाल्यावर हे गृहस्थ पुढे आले. त्यांचा कर्ता मुलगा सहा महिन्यांपूर्वी गेला होता. शेजारीपाजारी, कचेरीतले स्नेही, सगळे त्यांना सांगत होते की सुखी राहायचे की दुःखी, हे माणसाच्याच हातात असते. मनाने एकदा ठरवले म्हणजे झाले. त्यांनी मला विचारले की मी रोज सकाळी ठरवतो, पण गाडी गाठेपर्यंतसुद्धा ते टिकत नाही. तर माझी भक्ती कमी पडते काय? मी दमलेला होतो आणि, खरे ते सांगावे, कीर्तन रंगल्याचा थोडा मदही होता. तुकोबांकडे पाहा, एवढेच मी बोललो. ते पाया पडले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी काल्याला दिसले नाहीत.

भुकेल्या माणसाला मी ताटाचे वर्णन ऐकवले, घास काही दिला नाही. ही गोष्ट मला डाचू लागली. म्हणून ज्यांच्याकडे पाहा म्हणून मी त्यांना सांगितले, त्यांच्याकडे आधी आपणच नीट पाहावे असे ठरवले.

तुकोबारायांचा जन्म देहूस मोऱ्यांच्या घरात झाला. जन्मसालाविषयी मतभेद आहेत, पण परंपरेने बहुधा शके १५३०, म्हणजे इ.स. १६०८ हे साल धरले जाते. वडील बोल्होबा, आई कनकाई. घरात विठोबाची पूजा पिढ्यान्‌पिढ्या. पूर्वज विश्वंभरबुवांपासून पंढरीची वारी. घरी शेतीवाडी, वाणीपणा, सावकारी आणि गावची महाजनकी. थोरले भाऊ सावजी विरक्त वृत्तीचे, त्यांनी प्रपंच पत्करला नाही. म्हणून कोवळ्या वयातच दुकानाची वही तुकोबांच्या हाती आली. दोन लग्ने झाली. पहिली रखुमाई दम्याने आजारी, म्हणून दुसरी जिजाई, पुण्याच्या आप्पाजी गुळवे या सावकाराची मुलगी. सतराव्या-अठराव्या वर्षापर्यंत सगळे भरल्या घरासारखे होते. यात तुकोबांनी काय निवडले होते? काहीच नाही, बरं का. सुख आपसूक आले होते, जसे श्रीमंताच्या मुलाला येते तसे.

मग ते तसेच आपसूक गेले. आईवडील वारले. भावजय गेली आणि सावजी तीर्थाटनास निघून गेले, ते परत आले नाहीत. व्यापार बसत चालला. महिपती सांगतात की याच दिवसांत तुकोबा मिरच्यांची गोणी घेऊन घाट उतरून आपल्या कोकणात आले. मापून घ्या म्हणाले, आणि माप गिऱ्हाइकांच्याच हाती दिले. मग काय विचारता! जो तो हवे तेवढे भरून घेऊन गेला. पुढे देवानेच माणसाचे रूप घेऊन वसुली करून दिली. तर परतताना एका ठकाने मुलाम्याचे पितळी कडे सोन्याचे म्हणून गळ्यात मारले. आपण कोकणातली माणसे ही कथा ऐकून हसतो. मी मात्र आता पूर्वीसारखा हसत नाही. फसवलेल्या माणसाला घरी जाऊन बायकोला तोंड दाखवायचे असते.

एकविसावे-बाविसावे वर्ष असेल. १६३० साली दख्खनेत तो भयंकर दुष्काळ पडला. त्यातच पुणे प्रांतात लष्करांची धामधूम. गुरे मेली, उसनवारी बुडाली, दिवाळे निघाले, पत गेली. रखुमाई अन्न अन्न करीत गेली. तिच्यामागे संतू नावाचा मुलगाही गेला. ज्याच्या दुकानात गावाने धान्य मोजून घेतले त्याच्या घरात माणूस उपाशी मेले.

आता मंडळी, निवडणे हा शब्द पाहा. आपल्या घरोघरी बाया सुपात धान्य घेऊन निवडतात. खडा बाजूला, दाणा बाजूला. पण निवडण्यासाठी सुपात काही असावे लागते. सुपात दाणाच नाही तेथे काय निवडणार? दुष्काळात, मुलाच्या प्रेतापाशी बसलेल्या बापाला, बाबा रे, सुख निवड, असे सांगणे म्हणजे रिकामे सूप पुढे करणे आहे. तुकोबांनी त्या दिवशी सुख निवडले काय? नाही. आपल्या आयुष्याचा वृत्तान्त त्यांनी एका अभंगात स्वतःच सांगून ठेवला आहे. त्यात या प्रसंगी त्यांना लाज वाटली, जीव दुःखाने त्रासून गेला, असे स्पष्ट आहे. लाज आणि त्रास; आनंदाचे नाव नाही. बरेच झाले म्हणणारा जो अभंग आम्ही कीर्तनकार ठणकावून म्हणतो, तो मागे वळून पाहताना म्हटलेला आहे. जखम भरल्यावर व्रणावर हात फिरवून माणूस जे बोलतो ते वेगळे, आणि रक्त वाहत असताना त्याच्या तोंडी आपण जे घालतो ते वेगळे. आणखी एक. तुकोबांनी ते आपल्या स्वतःच्या दिवाळ्याविषयी, आपल्या स्वतःच्या बायकोविषयी म्हटले. दुसऱ्याच्या दारात जाऊन, तुझा मुलगा गेला हे बरे झाले, असे काही ते म्हणाले नाहीत. तो अधिकार कोणालाच नाही. मला तर मुळीच नव्हता.

मग त्या त्रासातून पुढचे पाऊल कोणते? तेही त्याच अभंगात आहे, आणि ते इतके साधे आहे की आपण त्यावरून पुढे निघून जातो. गावात विठोबाचे देऊळ मोडकळीस आले होते. ते नीट करावे असे त्यांच्या मनात आले. एवढेच! साक्षात्कार नाही, उल्हास नाही. मनाचे घर मोडलेले होते ते मोडलेलेच. पण डोळ्यांपुढे मोडलेले देऊळ होते आणि हात रिकामे होते. परंपरा सांगते की त्यांनी स्वतः माती कालवली, दगड वाहिले, भिंती उभ्या केल्या. नंतर एकादशीला कीर्तन सुरू केले. आणि येथे महाराजांचा प्रामाणिकपणा पाहा: सुरुवातीला आपले चित्त अभ्यासात नव्हते, हे ते लपवीत नाहीत. मन लागत नव्हते तरी उभे राहिले. संतांची वचने पाठ केली. पुढे गाणारे गात, त्यांच्यामागे धृपद धरले. ज्याला स्वतः गाता येत नाही तो मागे उभा राहून धृपद तर धरू शकतो! आमच्या सप्ताहांत शेवटच्या रांगेत उभा राहणारा टाळकरी हेच करतो.

मी पाठशाळेत तर्कसंग्रह घोकलेला माणूस. नैयायिकांनी सुखाचे लक्षण केले आहे ते असे की जे अनुकूल म्हणून अनुभवास येते ते सुख. अनुभवास येते, केले जात नाही. आपली मराठीही तेच सांगते. मी आनंद होतो असे कोणी म्हणत नाही. मला आनंद होतो असे म्हणतो. आनंद हा कर्ता, मी नुसता त्याचे ठिकाण. तो येईल, न येईल. पण मी नाम घेतो, मी दगड उचलतो, मी वारी करतो, येथे कर्ता मी. मनुष्याच्या हातात काय आहे आणि काय नाही याचा निवाडा असा आपल्या रोजच्या बोलण्यातच झालेला आहे. होणे आपल्या हाती नाही, घेणे आपल्या हाती आहे. कोणी म्हणेल की समाधान तर मानता येते ना? येते, पण तेही आपले आपण मानायचे असते. दुसऱ्याने मानून घ्यायला लावले म्हणजे ते समाधान राहत नाही, सक्ती होते.

तुकोबारायांचे खरे निवडणे पुढे आले. सावकारीचे कर्जरोखे घरात होते. धाकटे बंधू कान्होबा आणि ते, दोघांनी वाटणी केली. आपल्या वाट्याचे रोखे तुकोबांनी इंद्रायणीत सोडून दिले. कान्होबांच्या वाट्याला हात लावला नाही, कारण त्यांना त्यांचा प्रपंच होता. हा बारकावा फार मोठा आहे. सोडायचे ते आपले सोडायचे. भावाचे सोडून दानशूर व्हायचे नाही. आणि ज्या कुळांचे कर्ज सुटले त्यांचा विचार करा. ज्या दुष्काळाने तुकोबांना मारले त्यानेच त्या कुळांनाही मारले होते. स्वतःला सुख व्हावे म्हणून हे केले की नाही कोण जाणे, पण देहूच्या कितीतरी घरांतून त्या दिवशी एक भय कमी झाले.

आता जिजाईंविषयी बोलले पाहिजे. आम्ही कीर्तनकारांनी या माउलीवर फार अन्याय केला आहे. ऊस घेऊन येणारे महाराज वाटेत पोरांना कांड्या वाटतात, एकच उरते, आणि जिजाई तीच त्यांच्या पाठीवर मोडतात. दोन तुकडे झाले ते बरे, एक तुला एक मला, अशा अर्थाचे बोलून महाराज हसतात. श्रोते पोट धरून हसतात. पण घरात मुले होती, काशी, भागीरथी, गंगा, महादेव, विठोबा, आणि चूल पेटायची होती. महिपतीच सांगतात की जिजाईंनी आपल्या नावावर रोखा लिहून देऊन नवऱ्याला भांडवल उभे करून दिले. महाराजांनी मालही विकला, नफाही झाला, आणि परतताना देण्यापायी नाडलेल्या एकाची दया येऊन ते सारे पैसे त्याला देऊन टाकले. ते देणे संताला शोभलेच. पण रोखा कोणाच्या नावावर होता? तरीही तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर भजनात बसले म्हणजे हीच बाई भाकरी घेऊन उन्हात तो डोंगर चढे. तोंडाने विठोबाला शिव्या देई, पण भाकरी चुकवीत नसे. पायात काटा मोडला तेव्हा तो काढायला विठोबा स्वतः आले अशी कथा आहे. देव कोणाचा पाय हातात घेतो? हसतमुख राहणाऱ्याचाच घेतो असे काही त्या कथेत नाही. रागावलेल्या, दमलेल्या, रडकुंडीस आलेल्या बाईचा पाय त्याने मांडीवर घेतला. जिजाईंना सुख निवडायला सवडच नव्हती. त्यांनी रोज भाकरी निवडली. भंडाऱ्यावरचा जो ब्रह्मानंद आपण गातो त्याच्या पोटात ती भाकरी आहे, हे विसरू नये.

पुढे बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात येऊन रामकृष्णहरी मंत्र दिला. नामदेवरायांनी स्वप्नात येऊन कवित्वाची आज्ञा केली. अभंग होऊ लागले. आता तरी तुकोबा कायमचे सुखी झाले असतील? नाही हो. वाघोलीचे रामेश्वरभट्ट, शास्त्र जाणणारे पंडित, त्यांनी आक्षेप घेतला की शूद्राने वेदार्थ बोलू नये, आणि वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. मी त्याच विद्येत वाढलेला, म्हणून हे लिहिताना मान खाली जाते. त्या आघाताने चित्त दुखावले, हेही तुकोबांनीच सांगून ठेवले आहे. आनंद मानून ते घरी गेले नाहीत. नदीकाठी शिळेवर धरणे धरून बसले. तेरा दिवस अन्न नाही, पाणी नाही. देवाशी भांडण मांडले. ती शिळा आजही देहूच्या देवळात आहे; आपण तिच्यावर डोके ठेवतो. विचार करा, आपण डोके ठेवतो ते एका दुखावलेल्या माणसाच्या आसनावर. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या. पुढे रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह झाला, तो तुकोबांच्याच शब्दाने शमला, आणि तेच त्यांचे शिष्य झाले.

त्यानंतरच्या वर्षांत जे अभंग आले त्यांतून आनंद नुसता ओसंडतो आहे. तो खोटा नाही, उसना नाही. पण तो कोठून आला हे आता कळते. दिवाळे, रिकामे सूप, देवळाची माती, मन लागत नसताना धरलेले धृपद, नदीत सोडलेले रोखे, भंडाऱ्यावर आलेली भाकरी, शिळेवरचे तेरा दिवस, या वाटेने चालत चालत तो मागून आला. तुकोबा त्याच्या पाठीस लागले नव्हते. ते पांडुरंगाच्या पाठीस लागले होते. आनंद त्यांच्या पाठीस लागला.

शके १५७१, म्हणजे इ.स. १६५०, फाल्गुन वद्य द्वितीयेस महाराज वैकुंठास गेले. त्या वेळी जिजाई गरोदर होत्या. पुढे जन्मला तो नारायण. वडिलांचे तोंड न पाहिलेल्या त्या मुलाला जिजाईंनी वाढवले, आणि त्याच नारायणमहाराजांनी १६८५ साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून पंढरीची वाट धरली. आज लाखो माणसे ज्या पालखीपुढे नाचतात ती अशी एका पोरक्या मुलाने आणि एका कष्टी आईने आपल्याला दिलेली आहे.

तेव्हा त्या गृहस्थांना द्यायचे उत्तर मला उशिरा सापडले. पत्ता विचारीत मी डोंबिवलीस त्यांच्या घरी गेलो. आधी माझे चुकले असे सांगितले. मग म्हटले की सुख वाटत नाही हा भक्तीतला उणेपणा नव्हे. तुकोबांनाही त्या दिवसांत वाटले नव्हते. मुलाचे दुःख होते आहे तर ते होऊ द्या, ते प्रेमाचेच आहे. सकाळी उठून सुखी व्हायचे ठरवू नका. ठरवायचेच असेल तर एवढेच ठरवा की आज नाम घेईन, आणि जवळ काही मोडलेले दिसले तर हात लावीन. मन लागले नाही तरी चालेल. त्यांच्या मंडळींनी चहा आणला, आम्ही तो प्यालो, आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

यंदा बीजेला ते आमच्याबरोबर होते. ते काही हसत नव्हते. घोरवडेश्वर दिसला तेव्हा डब्यात भजन सुरू झाले. ते मागच्या बाकावर बसले होते, आणि धृपद धरीत होते.

रामकृष्णहरी.